गल्लीची राखण

आमच्या जळगावच्या टेनिस कोर्टवर नेटपासून साधारण सात फुटांवर एक भेग आहे. कोर्ट काळ्या मातीवर बांधलेलं. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं सिमेंट कितीही जाड असलं तरी कुठेतरी फाटतंच. बांधताना काळी माती खोलवर काढून खाली नीट मुरूम भरला असता, तर कदाचित हे टळलं असतं. आम्ही दर वर्षी ती भेग बुजवतो आणि दर एप्रिलात ती परत तोंड उघडते. मला मात्र आता तिचा आधार वाटतो. डबल्समध्ये पार्टनर सर्व्ह करत असताना नेटवर कुठे उभं राहायचं, हे नव्या माणसाला सांगायला मला खडू लागत नाही. मी म्हणते, "भेगेवर पाय ठेवा."

पाय ठेवतात. सर्व्ह पडेपर्यंत ठेवतात. मग हळूहळू सरकायला लागतात. मागे सरकतील असं वाटतं, पण तसं होत नाही. सरकतात बाजूला, गल्लीकडे.

गल्ली हा माझा शब्द. सिंगल्सचं कोर्ट 27 फूट रुंद, डबल्सचं 36. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची एक पट्टी जास्तीची. त्या पट्टीच्या तोंडाशी माणूस असा उभा राहतो, जसं काही ती सोडून बाकीचं कोर्ट दुसऱ्या कोणाच्या नावावर आहे. गेली चौदा वर्षं मी इथे शिकवते आहे. शाळकरी मुलं, डॉक्टर, वकील, बँकेतली माणसं, सगळे तिथेच जाऊन उभे राहतात.

सगळ्यात घट्ट उभे राहायचे ते जिभाऊ. (इथे मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. जिभाऊ तर आमच्याकडे गावोगावी आहेत.) मूळचे अमळनेर तालुक्यातले, घरची कापसाची शेती, आता मुक्काम जळगावात. वय चोपन्न. हात जबरदस्त. विळा-कोयता चालवलेलं मनगट आहे ते, व्हॉलीसाठी, म्हणजे टप्पा पडायच्या आत बॉल मारायला, मला हवं तसं, अजिबात न लुळावणारं. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, त्यांचा फोरहँड आला की समोरची तरुण पोरं दोन पावलं मागे जातात. पण नेटवर आले की हा माणूस गल्लीच्या रेषेवर रॅकेट धरून राखणीला बसल्यासारखा. मधून बॉल जातोय, पाच फुटांवरून जातोय, ते बघतात आणि जाऊ देतात.

एका संध्याकाळी मी खेळ थांबवला आणि विचारलं, "जिभाऊ, शेत राखायला गेल्यावर तुम्ही बांधावरच उभे राहता का? मधे गुरं शिरली तर?"

ते गंभीरपणे आमच्या अहिराणीत म्हणाले, "ताई, गल्लीमझार बॉल गया ना, तो मना बॉल व्हता. मधमाईन गया ते दोन्हीस्ना."

मी त्या रात्री या वाक्यावर बराच वेळ विचार केला. इतकी वर्षं मी याला तंत्राचा प्रश्न समजत होते. ग्रिप बदला, गुडघे वाकवा, पुढे बघा. जिभाऊंनी एका वाक्यात खरं कारण सांगितलं. गल्लीतून बॉल गेला की सगळ्यांना दिसतं की चुकलं कोण. मधून गेला की कोणीच चुकलेलं नसतं. माणूस गल्ली राखत नाही, स्वतःवर येणारा दोष राखतो.

आणि हे मला आधीच कळायला हवं होतं. कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. माझं लहानपण भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील गार्ड. 1999 साली मी वीस वर्षांची होते. लिएंडर पेस आणि महेश भूपती त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या डबल्स फायनलला पोहोचले, फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले. शेजारच्या काकांच्या टीव्हीपुढे आम्ही दाटीवाटीनं बसायचो. पेस नेटवर कधी स्थिर दिसायचाच नाही. समोरच्यानं रॅकेट मागे नेली की हा निघालेला असायचा. ते बघून मी ठरवलं की आपणही असं खेळायचं. पुढच्या हिवाळ्यात एका स्पर्धेत, तिसऱ्याच गेममध्ये मी मधे झेपावले आणि बॉल माझ्या मागून गल्लीत गेला. माझ्या पार्टनरनं काही म्हटलं नाही. फक्त रॅकेट खाली सोडली, कमरेवर हात ठेवले आणि वर बघितलं. उरलेली सगळी मॅच मी गल्लीतून हलले नाही. हरलो. पुढचं वर्षभर मी नेटवर तशीच उभी राहिले. शब्दही न बोलता एका माणसानं मला खिळवून ठेवलं होतं.

तर जिभाऊंना पटवायचं कसं? शेतकऱ्याला आकडा दाखवावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच मोजणीची टेप आणायला सांगितली, बांधाच्या भानगडी मिटवायला त्यांच्या घरी असतेच. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. या बेसलाइनपासून त्या बेसलाइनपर्यंत सरळ रेषेत 78 फूट. मग डबल्सच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात. टेप जवळजवळ 86 फुटांवर थांबली. "म्हणजे तिरका मारणाऱ्याला बॉल खाली उतरवायला आठ फूट जास्त मिळतात," मी म्हटलं.

मग नेटची उंची. मधे पट्टा ओढून नेट 3 फुटांवर आणतात. एक रॅकेट उभी ठेवायची, तिच्यावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं ठेवायचं, की झालं माप: 27 इंच आणि वर साधारण 9. पण खांबांपाशी नेट साडेतीन फूट असतं. म्हणजे जो गल्लीतून सरळ मारणार, त्याला नेट सहा इंच उंच आणि कोर्ट आठ फूट आखूड. त्यात सर्व्ह तिरका आलेला, त्याला सरळ वळवायचं म्हणजे बॉलची दिशा बदलायची. रॅकेट जरा लवकर फिरली की बॉल मधे, उशिरा फिरली की बाहेर.

जिभाऊंनी टेप गुंडाळली. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं कठीण शे, ते मारू द्या ना त्याले."

हे मला पूर्ण मान्य आहे आणि मी आता प्रत्येकाला हेच सांगते. मॅचमध्ये एकदाही बॉल तुमच्या गल्लीतून गेला नाही तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ तुम्ही मधे गेलाच नाहीत.

आता हाताचं. याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण हे शिकवणारे पुष्कळ आहेत. ग्रिप कॉन्टिनेंटल, हातोडी धरतो तशी. फोरहँड व्हॉली आणि बॅकहँड व्हॉली दोन्हीला तीच, कारण नेटवर ग्रिप बदलायला वेळ नाही. रॅकेट छातीसमोर, डोकं मनगटाच्या वर. मागे न्यायची नाही. ज्यांना सवय सुटत नाही त्यांना मी कुंपणाच्या जाळीला पाठ लावून उभं करते आणि बॉल टाकते. रॅकेट मागे गेली की जाळीवर खण्णकन वाजते, मला काही बोलावं लागत नाही. आणि समोरचा मारतो त्या क्षणी एक छोटी उडी, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तयार. मी बाजूनं फक्त "टप" म्हणते. दोन आठवड्यांनी पोरं स्वतःच पुटपुटायला लागतात.

पण भीती राहते. दोष येण्याची भीती एक, आणि बॉल लागण्याची दुसरी. या दुसऱ्या भीतीबाबत माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती लिहायलाच हवी.

चार वर्षांपूर्वी एक मुलगी होती माझ्याकडे, चौदा वर्षांची, उंच, लांब हातांची, नेटवर उभी राहिली की समोरच्यांना कोर्ट लहान वाटावं अशी. बॉल आला की डोळे मिटायची. मला वाटलं की सवयीनं जाईल. मी नेट आणि बेसलाइनच्या मधल्या सर्व्हिस लाइनवरून जोरात बॉल देत राहिले, एकामागून एक. "डोळे उघडे, डोळे उघडे." एक बॉल रॅकेटच्या कडेला लागून तिच्या गालाच्या हाडावर बसला. रडली नाही. बॅग उचलली आणि गेली. तीन आठवडे आली नाही. तिच्या आईला भेटायला मी घरी गेले. आई एवढंच म्हणाली, "मॅडम, ती म्हणते मॅडमना दिसलं होतं मी घाबरलेय ते."

खरं होतं. मला दिसलं होतं.

तेव्हापासून आमच्या टोपलीत लहान मुलांचे मऊ बॉल असतात. नारंगी ठिपक्याचा बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा अर्ध्या वेगाचा, हिरव्या ठिपक्याचा पाव पट हळू. नेटवर येणारा प्रत्येक माणूस, मग तो सर्जन असो की सहावीतला पोरगा, आधी नारंगी बॉलवर. आणि त्याच्याही आधी रॅकेटच नाही. भेगेवर उभं राहायचं, मी बॉल हातानं फेकणार, तुम्ही हातानं झेलायचा, अंगापुढे. क्रिकेटमध्ये मागे हात नेऊन झेल घेता येतो, इथे नाही. पुढे, हात लांब करून, बॉल आपल्याकडे यायची वाट न बघता. तीस झेल झाले की रॅकेट. त्या मुलीला मी असंच पुन्हा सुरू केलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघी फक्त झेल खेळलो, अर्धा तास. ती हसली एकदा. मग "उद्या येते" म्हणाली.

ती आता अठराची आहे, पुण्याला शिकते, सुट्टीत आली की लहान मुलींना हाच झेल शिकवते. एकदा मी ऐकलं, ती एका पोरीला विचारत होती, "भीती वाटतेय का? मग मी अजून हळू टाकते."

मुलींना मी सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिसची जोडी सांगते. 2015 चं विम्बल्डन, 2015 चं यूएस ओपन, 2016 चं ऑस्ट्रेलियन ओपन, लागोपाठ तीन. सानियाचा फोरहँड जगाला माहीत, हिंगिसचे नेटवरचे हात जगाला माहीत. पण मागून इतका जबर फोरहँड येत असल्यावर पुढच्या माणसाला निर्धास्त हलता येतं, हे मुलींनी बघावं असं मला वाटतं. पुढची जागा मागच्या माणसाच्या जिवावर खेळली जाते. जिभाऊंनी वयाचं कारण काढलं तेव्हा रोहन बोपण्णा सांगितला. 2024 च्या जानेवारीत 43 व्या वर्षी मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि डबल्समध्ये जगात पहिल्या क्रमांकावर गेला. त्या वयात तिथे त्याच्याआधी कोणी पोहोचलं नव्हतं. जिभाऊंचं उत्तर: "तो त्रेचाळीसना शे, मी चोपन्नना." तरी दुसऱ्या दिवसापासून वय हा विषय निघाला नाही.

मागच्या माणसावर मी आता पुढच्या माणसाइतकाच वेळ घालवते. जिभाऊंचे पार्टनर डॉक्टर आहेत, भडगावकडचे. सर्व्ह चांगली, स्वभाव काटेकोर. जिभाऊंच्या मागून बॉल गेला की "च्च" असा आवाज यायचा. त्यांना कळतही नव्हतं की तो आवाज येतो. मी त्यांना बाजूला घेऊन माझी जुनी गोष्ट सांगितली, ती कमरेवर हात ठेवणारी. ते बराच वेळ गप्प राहिले.

मग आम्ही नियम केले. पुढचा माणूस मधे गेला आणि बॉल गल्लीत गेला तर मागच्यानं त्याच्याजवळ चालत जायचं, रॅकेटला रॅकेट लावायची आणि "परत जा" म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही. आणि निर्णय पॉइंटच्या आधी घ्यायचा, मधे नाही. त्यासाठी पाठीमागे हाताची खूण. मूठ मिटलेली म्हणजे मी थांबणार. पंजा उघडा म्हणजे मी जाणार, तुम्ही माझी रिकामी बाजू घ्या. डॉक्टरांनी "हो" म्हणायचं आणि मगच सर्व्ह. पंजा उघडा असला की सर्व्ह शक्यतो मधल्या रेषेवर, ती सर्व्हिस लाइनला मिळते त्या टीवर. रिटर्न करणारा मधे ओढला गेला की त्याला गल्लीत कोन मिळत नाही, आणि बॉल आपोआप जिभाऊंच्या वाटेवर येतो.

हात पाठीमागे न्यायलाच जिभाऊंना आठवडा लागला. सुरुवातीला सारखी मूठ. आठ सर्व्ह, आठ मुठी. मी काही बोलले नाही. नवव्या वेळी डॉक्टर बेसलाइनवर थांबले. एरवी कोर्टवर अगदी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस, मोठ्यानं म्हणाला, "तुम्ही जा जिभाऊ, मी शे ना मांगे."

पंजा उघडला.

आमच्याकडच्या हवेबद्दल एक लिहायलाच हवं. बाहेरच्या शहरांतले खेळाडू आले की त्यांना ते कळत नाही. एप्रिल-मे मध्ये इथे पारा 44-45 वर जातो. खेळ सकाळी सहाला सुरू आणि आठच्या आत बंद, नाहीतर संध्याकाळी सातनंतर दिव्यांत. तरी सिमेंट रात्रीपर्यंत धगधगत असतं. तापल्यावर बॉलमधल्या हवेचा दाब वाढतो, टप्पा उंच येतो, बाहेरची हवाही विरळ असते, म्हणून बॉल लांब जातो. डिसेंबरच्या सकाळी बेसलाइनवर पडणारा लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टोलवलेला बॉल, मे महिन्यात कुंपणावर आदळतो. म्हणजे उन्हाळा नेटवरच्या माणसाचा. लॉबच्या भीतीनं मागे राहणाऱ्यांना मी मेमध्ये मुद्दाम भेगेच्याही पुढे, नेटपासून पाच फुटांवर उभं करते. डोक्यावरून जाईल ते बहुतेक बाहेर जाईल. हिवाळ्यात तोच माणूस एक पाऊल मागे. लॉब आलाच तर ओरडायचं "बदल", पुढच्यानं बाजू सोडायची, मागच्यानं तिरकं धावत बॉल गाठायचा. मान वर करून उलटं धावायचं नाही. तसं धावताना पडून मनगट मोडलेला माणूस मी बघितला आहे.

गेल्या महिन्यात आम्ही धुळ्याला गेलो होतो, चार जोड्या, मैत्रीच्या मॅचेस. जिभाऊ-डॉक्टरांची एक सेटची मॅच होती. मी बाहेर वही घेऊन बसले. माझ्या वहीत दोन रकाने असतात: "गल्लीतून गेले" आणि "मधे घेतले". बाकी काही लिहीत नाही.

धुळ्यात दुपारनंतर वारा सुटला होता. पहिल्याच गेममध्ये पंजा उघडा, जिभाऊ निघाले आणि बॉल त्यांच्या मागून सरळ गल्लीत. बघणाऱ्यांतून कोणीतरी टाळी वाजवली. मला छातीत धस्स झालं. आता तासभर मूठ दिसणार, असं वाटलं. डॉक्टर चालत पुढे गेले, रॅकेटला रॅकेट लावली. काय बोलले ते ऐकू आलं नाही. पुढच्या पॉइंटला जिभाऊंचा हात पाठीमागे गेला, क्षणभर तसाच राहिला, आणि उघडला.

7-5 हरलो. समोरची जोडी तरुण होती आणि शेवटी शेवटी डॉक्टरांची सर्व्ह थकली.

परतताना पारोळा ओलांडून एका ढाब्यावर थांबलो. शेवभाजी, भाकरी, कांदा. जिभाऊंनी भाकरी चुरता चुरता विचारलं, "ताई, वहीमा काय शे?"

मी वही काढली. "गल्लीतून चार."

त्यांनी मान हलवली.

"मधे घेतलेले अकरा. त्यातले आठ पॉइंट आपले."

त्यांनी भाजीत भाकरी बुडवली, जरा हिशेब केला आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाले, "मंग आखो दोन गयात तरी चाली."